कॅम्पस टूरचे व्हिडिओ मागवले, पैसे गेले, ग्राहकसेवा गप्प. पैसे परत कसे मिळवायचे?

रेल्वेलाइन्सकर (धागाकर्ता)

प्रवेशाचे दिवस आले की हा प्रश्न आपल्या गटात फिरत राहतो, म्हणून एकदाचा सगळा एका धाग्यात घेऊ. सोलापुरातून बंगळुरू, वेल्लोर, मणिपाल किंवा थेट अमेरिकेतलं कॉलेज पाहून येणं सगळ्यांना परवडत नाही. मग कॅम्पस टूरचे विकतचे व्हिडिओ मागवले जातात. वसतिगृह, मेस, लॅब, ग्रंथालय, आसपासचा परिसर असं सगळं दाखवू म्हणतात. पैसे भरेपर्यंत चॅटवर सेकंदात उत्तर येतं, पैसे भरले की तीच खिडकी मुकी.

समोर असलेलं ताजं प्रकरण असं. पाच अमेरिकी विद्यापीठांचा संच. दोन लिंक उघडतात, त्यातल्या एकीत कॅम्पसऐवजी नुसती फोटोंची चित्रफीत आहे. तीन लिंकवर 'प्रोसेसिंग' दिसतं. पैसे क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये गेले. चॅटवर रोज एकच वाक्य येतं: 'आमची टीम यावर काम करत आहे.' परतावा मागितला तर 'डिजिटल मालावर परतावा नाही' हे कलम तोंडावर फेकतात.

विक्रेत्याचं नाव कुणी लिहू नका. नाव लिहिलं की धागा भांडणात जातो आणि मुद्दा राहतो बाजूला. पायऱ्या, मुदती आणि कागद एवढंच लिहा.

पावती_जपा

सुरुवात त्या कलमापासून करू, कारण निम्मे लोक तिथेच हात टेकतात.

'डिजिटल मालावर परतावा नाही' असं लिहिलं म्हणून विक्रेता मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की माल किंवा सेवा सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर दिली असेल, तर विक्रेता परतावा नाकारू शकत नाही. 'मला आवडलं नाही' म्हणून पैसे मागणं वेगळं आणि 'सांगितलं ते दिलंच नाही' म्हणून मागणं वेगळं. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं आहे. पत्रात 'व्हिडिओ चांगले नाहीत' असा शब्द चुकूनही नको. 'पाचपैकी तीन मिळाले नाहीत, एक वर्णनाप्रमाणे नाही' एवढंच लिहायचं.

याच नियमांत तक्रार निवारण अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर असायला हवा. तक्रार पोचल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, हे त्याचं काम. लोक करतात काय, तर पंधरा दिवस चॅटवर भांडतात. चॅटवरचा माणूस (आता बहुतेक वेळा माणूसही नसतो) म्हणजे तक्रार निवारण अधिकारी नव्हे. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात 'ग्रिव्हन्स' असं काहीतरी असतं, तो पत्ता शोधा आणि तिथे ईमेल टाका. तो पत्ताच नसेल तर तेही तक्रारीत लिहायचं, कारण ती स्वतंत्र त्रुटी आहे.

ईमेलचा नमुना, जसाच्या तसा वापरा:

'ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक, रक्कम अमुक. जाहिरातीत पाच विद्यापीठांचे कॅम्पस टूर व्हिडिओ २४ तासांत मिळतील असे म्हटले होते (चित्र १). आजपर्यंत क्र. २, ४, ५ मिळालेले नाहीत (चित्र २ ते ४). क्र. ३ मध्ये टूर नसून स्थिर छायाचित्रे आहेत (चित्र ५). या चार व्हिडिओंची रक्कम मूळ पैसे भरलेल्या मार्गानेच सात दिवसांत परत करावी. कूपन किंवा वॉलेटमधील रक्कम मान्य नाही. या तक्रारीचा तिकीट क्रमांक कळवावा.'

एवढंच. 'तुम्ही चोर आहात' वगैरे नको. पुढे हाच ईमेल बँक वाचते, ग्राहक आयोगही वाचतो.

सातरस्ता_चहा

आणि जाहिरातीच्या पानाचं चित्र आजच काढून ठेवा बरं का. तक्रार गेली की 'पाच कॉलेज' चं 'पाचपर्यंत कॉलेज' व्हायला वेळ लागत नाही.

विजापूरवेस

मी बँकेच्या बाजूचं लिहितो. माझ्या मते खरा पैसा इथूनच परत येतो. कंपनीशी वाद घालत बसण्यापेक्षा पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने मागा.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाला चार्जबॅक नावाची सोय असते, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागायचे. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवसांची खिडकी असते. ती व्यवहाराच्या तारखेपासून, किंवा माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. पण बँकेची शाखा १२० दिवसांच्या शेवटच्या आठवड्यात फाइल घ्यायला कुरकुर करते. महिन्याभरात अर्ज टाकलेला बरा.

लोक चुकतात ते कारण निवडताना. ॲपमध्ये 'व्यवहारावर वाद' उघडलं की पहिलाच पर्याय दिसतो: 'हा व्यवहार मी केलेला नाही.' रागाच्या भरात त्यावर बोट जातं. ओटीपी तुम्हीच टाकलेला, त्यामुळे बँक दोन दिवसांत अर्ज फेटाळते, आणि त्याच व्यवहारावर दुसऱ्या कारणाने अर्ज करताना नाकी नऊ येतात. बरोबर पर्याय दोन:

'माल/सेवा मिळाली नाही' (व्हिसाच्या यादीत १३.१). न उघडणाऱ्या तीन लिंकसाठी हा.

'वर्णनाप्रमाणे नाही किंवा सदोष' (१३.३). फोटोंच्या चित्रफितीसाठी हा. मास्टरकार्डकडे दोन्ही ४८५३ या एकाच मोठ्या कारणाखाली येतात.

तुमच्या प्रकरणात १३.१ पुढे ठेवा, ते सिद्ध करायला सोपं. रक्कम पूर्ण टाकू नका. उघडलेल्या चांगल्या व्हिडिओचे पैसे वजा करून बाकीचे मागा. पूर्ण रकमेवर वाद घातला की विक्रेता ती एक उघडणारी लिंक बँकेला दाखवतो आणि अख्खा अर्ज पडतो.

सोबत जोडायचं: ऑर्डरची पावती, जाहिरातीचं पान, न उघडणाऱ्या लिंकची चित्रं, तक्रारीचा ईमेल आणि त्याला आलेलं (किंवा न आलेलं) उत्तर. विक्रेत्याकडे आधी मागितलं होतं हे दिसलंच पाहिजे.

पुढचं नीट वाचा. अर्ज टाकल्यावर बँक कधीकधी रक्कम तात्पुरती जमा करते. पैसे परत आले असं समजून गप्प बसू नका. विक्रेत्याने उत्तर दाखल केलं तर ती रक्कम परत वजा होते आणि तुम्हाला खुलासा द्यायला मोजके दिवस मिळतात. बँकेचे ईमेल स्पॅममध्ये जात नाहीत ना, एवढं बघत राहा. आणि क्रेडिट कार्डाचं बिल थांबवू नका. वाद चालू आहे म्हणून बिल न भरणाऱ्यांना व्याज लागतं आणि मग भांडण दोन जणांशी होतं.

डॉलरमध्ये पैसे गेले असतील तर परतावा नेमका तेवढाच रुपयांत येणार नाही. परताव्याच्या दिवसाचा दर लागतो, आणि जातानाचा परकीय चलनाचा अधिभार (बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के, वर त्यावर जीएसटी) सहसा परत मिळत नाही. शे-दोनशेची तफावत आली तर ती विक्रेत्याची लबाडी नव्हे.

बँकेनेच दाद दिली नाही तर ३० दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. बँकेला आधी लेखी कळवलेलं असलं पाहिजे, नाहीतर तिथून लगेच परत पाठवतात.

होटगीकर

साहेब, आणि यूपीआयने दिले असतील तर? आमच्या भाचीने एका 'ॲडमिशन गाईड'ला नंबरावर पाठवलेत. व्हिडिओ नाहीत, फोनही उचलत नाहीत ओ.

विजापूरवेस

आधी बघा, पैसे दुकानाच्या क्यूआरवर गेले की माणसाच्या नंबरावर. ॲपमध्ये व्यवहार उघडला की नावाखाली दिसतं.

व्यापाऱ्याच्या खात्यावर गेले असतील तर त्याच व्यवहारातून 'तक्रार नोंदवा' वर जा आणि 'माल/सेवा मिळाली नाही' निवडा. १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच मागतात. व्यक्तीच्या नंबरावर गेले असतील तर यूपीआयच्या लेखी ती उसनवारी. 'माल मिळाला नाही' ही तक्रार तिथे चालतच नाही. म्हणून तर हे लोक 'क्यूआर बंद आहे ताई, या नंबरावर टाका' म्हणतात.

खात्यातून पैसे वजा झाले पण विक्रेत्याकडे 'पेमेंट फेल' दाखवलं, हा तिसरा प्रकार. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यापाऱ्याच्या यूपीआय व्यवहारात व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. मागावी लागू नये असं नियम म्हणतो. मागावी लागते.

भाचीच्या बाबतीत व्हिडिओ देण्याचा इरादाच नव्हता असं वाटत असेल तर ग्राहक तक्रारीत वेळ घालवू नका, १९३० ला फोन करा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर गोठवता येतात, त्यामुळे ते आजच्या आज.

अशोकचौक_आयटी

सगळे कायद्यावर आहेत, मी जरा लिंकवर बोलतो. 'उघडत नाही' एवढंच लिहिलं तर ग्राहकसेवेला टोलवायला सोपं जातं. काय उघडत नाही ते सांगितलं की पळवाट बंद होते. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच तक्रारी इथेच सुटतात.

लिंक उघडताना ४०३ हा एरर क्रमांक आला तर लिंकची मुदत संपली किंवा तुम्ही ज्या ईमेलने खरेदी केली त्याने लॉग-इन केलेलं नाही. मुलाने वडिलांच्या कार्डावर, स्वतःच्या ईमेलवर मागवलं आणि उघडतोय आईच्या फोनवर, हा हमखास गोंधळ. ४०४ म्हणजे फाइल त्यांनी काढूनच टाकली. गूगल ड्राइव्हची लिंक 'खूप जणांनी पाहिली' म्हणून अडली तर २४ तासांनी परत उघडते. पण पैसे घेऊन ड्राइव्हची सार्वजनिक लिंक वाटणारा विक्रेता कसा आहे ते यावरूनच ओळखा.

आवाज येतो, चित्र काळं: फाइल एचईव्हीसी या प्रकारे दाबलेली आहे आणि लॅपटॉपमध्ये ती उलगडणारा कोडेक नाही. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये उघडा. लॅपटॉपवर दिसतं पण टीव्हीला जोडलं की काळं: कॉपी-संरक्षण आहे, फाइल खराब नाही.

पेनड्राइव्हवर कॉपी होताना '४ जीबीपेक्षा मोठी' म्हणून अडली तर पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. आतलं काढून घेऊन एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. मात्र जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. एक तासाची फुल एचडी फाइल ८ एमबीपीएसला साधारण ३.६ जीबी होते, म्हणजे थोडी लांबली की या भिंतीला धडकतेच.

३६० अंशाचा व्हिडिओ वाकडा-ताणलेला दिसतोय: साध्या प्लेअरमध्ये उघडलाय. व्हीएलसी ३ मध्ये माऊसने फिरवता येतो. व्हॉट्सॲपवरून मागवला असेल तर फिरणारच नाही. फाइल दाबली जाते आणि ३६० ची खूण निघून जाते. विक्रेत्याकडून डाउनलोड लिंकच मागा.

व्हिडिओ किती जुना आहे तेही तपासा. मीडियाइन्फो नावाच्या फुकट ॲपमध्ये फाइल टाकली की 'एन्कोडेड डेट' दिसते. परत एन्कोड केली तर ती तारीख नवी होते, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. गूगल स्ट्रीट व्ह्यूवर तीच इमारत काढा, कोपऱ्यात महिना-वर्ष असतं आणि जुन्या तारखाही बघता येतात. स्ट्रीट व्ह्यूवर उभी असलेली वसतिगृहाची नवी इमारत व्हिडिओत मोकळं मैदान असेल, तर 'यंदाचं चित्रीकरण' हा दावा तिथेच संपला. 'वर्णनाप्रमाणे नाही' साठी यापेक्षा सोपा पुरावा नाही.

पुरावा घेताना स्क्रीन रेकॉर्डिंग करा, तुटक चित्रं नकोत. एकाच सलग रेकॉर्डिंगमध्ये ऑर्डरचं पान, क्रमांक, लिंकवर क्लिक, आलेला संदेश, आणि कोपऱ्यात तारीख-वेळ.

जुळेसोलापूर_९

पुण्याच्या कॉलेजचा व्हिडिओ पैसे देऊन कशाला घेता मालक? हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जा, कॉलेज बघा, संध्याकाळी त्याच गाडीने घरी. मेसमध्ये जेवून या, तेही कळेल.

पावती_जपा

जुळेसोलापूर यांच्याशी सहमत, फक्त लांबच्या कॉलेजांना ते लागू नाही. तरी विकत घेण्याआधी फुकटचं संपवा. बहुतेक अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेश-पानावर त्यांची स्वतःची आभासी टूर असते. एज्युकेशन-यूएसए हे अमेरिकी सरकारचं मार्गदर्शनाचं जाळं आहे, सल्ल्याला पैसे लागत नाहीत. भारतातल्या अभियांत्रिकी कॉलेजांसाठी एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) सक्तीने जाहीर करायला लावते त्या 'मँडेटरी डिस्क्लोजर'मध्ये प्रयोगशाळा, वसतिगृह, शिक्षकसंख्या लिहिलेली असते. एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेली माहिती पीडीएफमध्ये मिळते. विकतच्या व्हिडिओतला गोड आवाज हे आकडे कधी सांगत नाही.

मंगळवेढा_ज्वारी

अमेरिकेतून डीव्हीडी मागवणारे अजून आहेत (कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी मुख्यतः). त्यांच्यासाठी दोन ओळी. डीव्हीडीवर कोणत्या भागात चालेल त्याचा रीजन क्रमांक असतो: अमेरिकेची डीव्हीडी रीजन १, भारत रीजन ५. खोक्याच्या मागे ० किंवा 'ऑल' नसेल तर इथल्या साध्या प्लेअरवर चालणार नाही आणि ती 'सदोष' ठरत नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो. एनटीएससी-पाल (तिकडची आणि इकडची टीव्ही-चित्राची पद्धत) ची भीती आता बाळगू नका, अलीकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही घेतात.

तिकडच्या नातेवाइकाने स्वतःच्या कार्डावर, तिकडच्या पत्त्यावर मागवली असेल तर त्याला तिथला नियम लागू होतो. पाठवायची मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना व्हायला हवा, नाहीतर ग्राहकाची संमती घ्या किंवा पैसे परत करा. क्रेडिट कार्डावरच्या बिलाची तक्रार तिथे स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी करावी लागते.

नवीपेठ_हिशोब

खरेदीआधी दोन मिनिटांचं काम. संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटी पोर्टलच्या 'सर्च टॅक्सपेअर' मध्ये टाका. १५ अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. 'पुण्यातली कंपनी' आणि क्रमांक ०७ ने सुरू झाला तर ती नोंदणी दिल्लीची आहे. नोंदणी रद्द झाली असेल तर तेही तिथे दिसतं. पोर्टलवरचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल तर नोटीस पोर्टलवरच्या नावाने पाठवायची. बिलच दिलं नसेल तर मागा. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

'एक रुपयात ट्रायल' घेतलं असेल तर यूपीआय ॲपमधलं 'ऑटोपे' आत्ता उघडून बघा. तिथे मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) दिसलं तर तिथूनच रद्द करा, विक्रेत्याच्या ॲपमधलं खातं पुसल्याने मँडेट जात नाही. पैसे कापण्याच्या २४ तास आधी संदेश येणं बंधनकारक आहे. तो संदेश लोक जाहिरात समजून पुसतात.

रेल्वेलाइन्सकर

ग्राहक हेल्पलाइन आणि आयोग यातलं आधी काय? आणि विक्रेता दिल्लीचा असेल तर केस दिल्लीत का?

पावती_जपा

आधी हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं, ॲप आणि व्हॉट्सॲपवरूनही तक्रार घेतात. ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि पाठपुरावा करतात, पण हुकूम काढू शकत नाहीत. मोठ्या कंपन्या त्यांच्या साखळीत आहेत, तिथे काम लवकर होतं. छोट्या व्हिडिओवाल्याला ते फक्त पत्र पाठवतात. महिना वाट बघून पुढे सरका.

केस सोलापुरातच. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की दुबईचा. दुबईच्या विक्रेत्याविरुद्ध आदेश मिळाला तरी वसुली कशी करणार हा प्रश्न राहतोच, म्हणून परदेशी विक्रेत्यासाठी वर विजापूरवेस यांनी सांगितलेला कार्डाचा मार्ग आधी धरा.

आयोगाची फी ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शून्य. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दाखल करायचं ई-जागृती पोर्टलवर: मोबाइल-ईमेलने नोंदणी, जिल्हा सोलापूर निवडा, तक्रारीचा मसुदा, तारखांची यादी, कागद आणि शपथपत्र एकेका पीडीएफमध्ये. फाइल अडकते ती दोन गोष्टींवर: शपथपत्र नोटरी केलेलं नाही, किंवा पानांना क्रमांक नाहीत. ईमेल आणि चित्रांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडा. आयोगात पुराव्याचा कायदा तितका काटेकोर लागत नाही, पण जोडलं की समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप संपतो. सुनावणी व्हिडिओवरून मागता येते, अर्ज करावा लागतो.

केसआधी नोटीस पाठवाच. स्पीड पोस्टाने, पोच मागून, आणि तीच ईमेलवर. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, खिडकीवर जुन्या नावाने विचारलं तर गोंधळ होतो. पाकीट 'पत्ता सोडून गेले' म्हणून परत आलं तर फोडू नका, तसंच फाइलला लावा.

मागणीत व्हिडिओची रक्कम, नोटीस-टपालाचा खर्च आणि त्रासाची वाजवी भरपाई लिहा. दोन हजारांच्या व्हिडिओवर पाच लाख मागणारे मसुदे फिरतात, त्यांनी तुमचंच वजन कमी होतं.

रेल्वेलाइन्सकर

ताजी खबर: आत्ताच कंपनीकडून ईमेल आला. 'सद्भावना म्हणून' पूर्ण रकमेचं कूपन देतायत, सहा महिने चालेल. एका बटनावर 'स्वीकारा' लिहिलंय.

विजापूरवेस

दाबू नका. ते बटन म्हणजे वाद मिटल्याची तुमची सही, चार्जबॅकमध्ये विक्रेता पहिलं तेच दाखवेल. त्याच ईमेलला उत्तर द्या: 'कूपन मान्य नाही, रक्कम मूळ कार्डावर परत करावी.' उलट हा ईमेल जपून ठेवा. सगळे व्हिडिओ नीट दिले असते तर पूर्ण रकमेचं कूपन कशाला देऊ केलं असतं? बँकेच्या अर्जाला तो सगळ्यात वर लावा.

सातरस्ता_चहा

आणि 'स्वीकारा' च्या खाली बारीक अक्षरात आधीच टिक केलेला चौकोन आहे का बघा. असेल तर त्याचंही चित्र काढा. खरेदीसाठी ग्राहकाची संमती आधीच टिक करून घेणं त्याच २०२० च्या नियमांत मना आहे.